‘सर्व्हर गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात खोक्यांचं डिझाइन आणि छपाई करणारं एक ऑफिस आहे. चौदा कॉम्प्युटर. बहुतेक विंडोजचे, डिझाइनवाल्यांचे दोन मॅक, कटिंग प्लॉटरला जोडलेलं एक म्हातारं विंडोज ७, आणि कपाटाशेजारी धूळ खात बसलेलं लिनक्सचं एक मशीन, ज्याला सगळे सर्व्हर म्हणतात. मागच्या पावसाळ्यात तिथून मला आठवड्याला दोन-तीन फोन यायचे. वाक्य ठरलेलं: “दादा, सर्व्हर परत गेला.” मी म्हणायचो, रिस्टार्ट करा. ते करायचे, चालू व्हायचा, आणि परवा पुन्हा फोन.

तीन आठवडे मी हेच सांगत राहिलो, ती चूक माझीच. रिस्टार्ट केलं की काय बिघडलं होतं त्याच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. कायमचा बंद पडलेला सर्व्हर शोधायला सोपा असतो. मधूनच जाणारा आणि आपोआप येणारा सर्व्हर शोधायचा तर तो गेलेला असतानाच तिथे जाऊन बघावं लागतं.

आधी हे समजून घेऊ, की ‘झेड’ ड्राइव्हवर, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या फोल्डरवर, डबल क्लिक केल्यावर होतं काय. तुमच्या मशीनची मागणी केबलने किंवा वायफायने स्विचपर्यंत, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या डबीपर्यंत, जाते. मग सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, शोधला जातो. त्या पत्त्यावर खरोखर कुठलं यंत्र बसलंय हे विचारलं जातं. यंत्र सापडलं की दोघं मिळून कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरवतात. मग नाव-पासवर्ड, मग या फोल्डरची परवानगी आहे का, आणि सगळ्यात शेवटी डिस्कवरची फाइल. यातलं काहीही अडलं तरी स्क्रीनवर दिसतं एकच, फिरणारं निळं वर्तुळ. म्हणून बसलेला माणूस म्हणतो, सर्व्हर गेला. त्याचं चूक नाही. त्याला तेवढंच दिसतं.

त्यामुळे पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा विचारायचाच नाही. विचारायचं: एकट्याचं गेलं की सगळ्यांचं? केबलवाल्यांचं की वायफायवाल्यांचं? सगळी फोल्डर की एकच? आणि किती वाजता? या चार प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली तर निम्मं काम तिथेच होतं. खरी उत्तरं फोनवर मिळत नाहीत, कारण फोन करणारा वैतागलेला असतो. म्हणून मी अकाउंट्स बघणाऱ्या ताईंना एक वही दिली आणि सांगितलं, काही करायच्या आधी वेळ लिहा. चार दिवसांनी वहीत हे होतं:

मंगळ, ९.५०. माझा बंद, डिझाइनचा चालू.
मंगळ, ११.२०. चालू. काही केलं नाही.
बुध, १०.०५. माझा चालू, डिझाइनचा बंद. रिस्टार्ट केला, चालू. १०.२५ परत बंद.
गुरु. दिवसभर ठीक. मामा रजेवर, चहा बाहेरून.
शुक्र, ९.४५. दोघांचा बंद. ११.३० ला चालू.

चहाची ओळ वाचून मी हसलो आणि पुढे गेलो. ती ओळ सगळ्यात महत्त्वाची होती, हे कळायला अजून एक दिवस जायचा होता.

शनिवारी सकाळी साडेनऊलाच जाऊन बसलो. पावणेदहाला ताईंच्या मशीनवर वर्तुळ फिरायला लागलं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून सर्व्हरच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.२० ला, सतत पिंग लावलं. पिंग म्हणजे नेटवर्कवर मारलेली हाक: “आहेस का?” समोरून “आहे” येतं आणि त्याला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. उत्तर येत होतं. म्हणजे सर्व्हर जिवंत, असं मी मनाशी म्हटलं आणि इथेच फसलो असतो. पण आकडे विचित्र होते. केबलवरच्या मशीनचं उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. इथे ६०, मग ११०, मग ८.

मी उठलो, कपाटाशेजारी गेलो आणि सर्व्हरची नेटवर्क केबल उपटली. परत येऊन बघतो तर ताईंच्या स्क्रीनवर उत्तरं येतच होती. केबल माझ्या हातात, आणि सर्व्हर “आहे, आहे” म्हणतोय!

अर्थ एकच. १९२.१६८.१.२० हा पत्ता सांगणारं दुसरंच कोणीतरी त्या ऑफिसात होतं.

आता हे कसं होतं ते बघू, कारण छोट्या ऑफिसांतल्या ‘मधूनच जातो’ या तक्रारीमागे हेच कारण मला फार वेळा सापडलंय. राउटर आलेल्या प्रत्येक यंत्राला एक मोकळा पत्ता वाटत असतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. सर्व्हरला मात्र कोणीतरी, बहुधा माझ्याआधी तिथे येणाऱ्याने, हाताने २० नंबर (पत्त्यातला शेवटचा आकडा) देऊन ठेवला होता. सर्व्हरचा पत्ता बदलू नये म्हणून असं करतात आणि ते बरोबरच आहे. फक्त राउटरला ते सांगायचं राहून गेलं. राउटरच्या वाटायच्या यादीत २० नंबरही होताच.

सर्व्हर चालू असताना यात काही बिघडत नसे. पत्ता देण्याआधी बरेच राउटर तो वापरात आहे का ते हाक मारून बघतात, आणि सर्व्हर ओ देतो. पण या गाळ्यात शॉर्ट सर्किटच्या भीतीने रात्री मेन स्विच बंद करतात. इन्व्हर्टरवर राउटर आणि कॅमेरे तेवढे चालू राहतात. सकाळी शटर उघडतात मामा, म्हणजे तिथले शिपाई. ते आत पाऊल टाकतात तेव्हा सर्व्हर अजून झोपलेला. त्यांच्या खिशातला फोन वायफायला लागतो, राउटर बघतो, २० नंबर मोकळा दिसतो, आणि देऊन टाकतो. दहा मिनिटांनी मामा सर्व्हर चालू करतात. तोही म्हणतो, मी २०. अकराच्या सुमाराला मामा बँकेच्या आणि कुरिअरच्या कामाला बाहेर पडले की सगळं सुरळीत. गुरुवारी मामा रजेवर, सर्व्हर ठणठणीत.

मग काहींचा चालू आणि काहींचा बंद का? समजा सोसायटीत दोन दारांवर ४०२ लिहिलंय. कुरिअरवाला मजल्यावर येऊन “४०२ कोण?” ओरडतो आणि जे दार आधी उघडेल तिथे पाकीट देतो. कॉम्प्युटरही तसंच करतो. आयपी पत्ता हा दारावरचा नंबर. त्यामागचं यंत्र ओळखायला प्रत्येक नेटवर्क कार्डला बारा अक्षरी स्वतंत्र क्रमांक असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात (ॲपलच्या मॅकशी याचा काही संबंध नाही). कोणता आयपी कोणत्या मॅक ॲड्रेसचा, हे प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःपुरतं टिपून ठेवतो, थोड्या वेळाने ते टिपण जुनं झालं की पुन्हा विचारतो. ताईंच्या मशीनला मामांच्या फोनचं उत्तर आधी मिळालं, डिझाइनच्या मशीनला सर्व्हरचं. दहा मिनिटांनी उलट. आणि रिस्टार्टने बरं का वाटायचं? कारण चालू होताना सर्व्हर स्वतःहून सगळ्यांना ओरडून सांगतो, २० नंबर माझा. सगळे आपापलं टिपण बदलतात. तेवढ्यापुरतं.

विंडोज मशीन असतं तर ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ अशी कुरकुर त्याने बहुधा केली असती. हे लिनक्सचं मशीन गप्प बसून राहिलं.

पकडायची रीत सोपी आहे. बिघाड चालू असताना त्या कॉम्प्युटरचं टिपण बघायचं. कमांडचं नाव एआरपी, तिच्यापुढे डॅश आणि ए. २० नंबरसमोरचा मॅक ॲड्रेस सर्व्हरच्या खऱ्या क्रमांकाशी जुळतो का, एवढंच बघायचं. आमच्याकडे जुळला नाही. शिवाय त्याचं दुसरं अक्षर ‘ए’ होतं. ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा क्रमांक न देता तात्पुरता बनवलेला देतात, आणि अशा बनवलेल्या क्रमांकाचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकीच असतं. म्हणजे हा बहुधा कोणाचा तरी फोन. मग मी मोठ्याने म्हटलं, “जरा सगळ्यांनी वायफाय बंद करा बघू.” मामांनी बंद केलं आणि पिंग थांबलं, कारण खऱ्या सर्व्हरची केबल अजून माझ्याच हातात होती.

इलाज पाच मिनिटांचा. राउटरची वाटायची यादी १०० ते १९९ अशी केली. सर्व्हर, प्रिंटर, प्लॉटर यांचे पत्ते त्या यादीच्या बाहेर ठेवले आणि कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवले.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि बहुतेक ऑफिसांत ती एका कारणावर संपतच नाही. मोठा गोंगाट थांबला की त्याच्याखालचे छोटे आवाज ऐकू यायला लागतात. आठवड्याभराने ताईंचा फोन: “आता जात नाही, पण माझ्याकडे फार हळू आहे.” एकट्या ताईंकडे. म्हणजे सर्व्हर सोडा, ताईंची केबल बघा.

स्विचमध्ये ताईंची केबल खोचलेल्या खाचेवरचा, म्हणजे पोर्टवरचा, दिवा बाकीच्यांहून वेगळ्या रंगाचा लागलेला. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट या वरच्या वेगाला चारही लागतात, १०० मेगाबिट या खालच्या वेगाला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की बहुतेक यंत्रं तक्रार न करता खालच्या वेगावर जुळवून घेतात. फरक किती? १०० मेगाबिटवर सेकंदाला फार तर ११-१२ मेगाबाइट, गिगाबिटवर ११० च्या आसपास. दोन जीबीची फाइल एकीकडे वीस सेकंदांत, दुसरीकडे तीन मिनिटांत. ताईंच्या टेबलाचा लोखंडी पाय बरोबर केबलवर उभा होता. केबल बदलली. जुनी मी तिथेच कापून फेकली, कारण खराब केबल ड्रॉवरमध्ये ठेवली की सहा महिन्यांनी कोणीतरी ती प्रेमाने पुन्हा लावतं.

विजेचं एक बघून ठेवा. सर्व्हरला यूपीएस असतो, पण स्विचचा छोटा ॲडॉप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटात असतो. पावसाळ्यात वीज अर्धा सेकंद डोळा मिचकावते, ट्यूबलाइट फक्त थरथरते, कोणाच्या लक्षातही येत नाही. स्विच मात्र तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि सगळ्यांच्या उघड्या फाइलींचा दोर एकदम तुटतो. टॅलीचा डेटा सर्व्हरवर ठेवून काम करणाऱ्यांना हे सगळ्यात महागात पडतं. एक्सेलमध्ये तर वेगळीच गंमत होते: दोर तुटला तरी फाइल कोणाकडे उघडी होती याची नोंद कधी कधी मागे उरते, आणि मग फाइल म्हणते की ती ताईंनी उघडली आहे, तर ताई कधीच्या घरी गेलेल्या.

आता मिश्र ऑफिसातला नेहमीचा घोळ. “माझ्या नेटवर्कच्या यादीत सर्व्हर दिसतच नाही.” यादीत न दिसणं आणि बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती यादी म्हणजे हजेरीपट, आणि प्रत्येक जण हजेरी वेगळ्या भाषेत घेतो. जुन्या विंडोजमध्ये एक कॉम्प्युटर वर्गाचा मॉनिटर होतो आणि बाकीच्यांची नावं लिहून ठेवतो. मॉनिटर बंद पडला की नवा निवडेपर्यंत यादी अर्धवट. नवं विंडोज डब्ल्यूएस डिस्कव्हरी नावाची पद्धत वापरतं, मॅक बॉनजूर. लिनक्सवर फाइली वाटणारा सांबा नावाचा प्रोग्राम स्वतःहून विंडोजच्या या नव्या हजेरीला ओ देत नाही, त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. म्हणून यादीकडे बघूच नका. विंडोजमध्ये फोल्डरच्या पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे सर्व्हरचा आयपी टाइप करा. मॅकवर फाइंडरच्या गो मेनूत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. पत्त्याने उघडलं आणि नावाने नाही, तर गडबड नावाची आहे, सर्व्हर ठीक आहे.

पत्त्यानेही उघडत नाही पण पिंग व्यवस्थित आहे, असं असेल तर भाषेचा प्रश्न. फाइली वाटायची ही भाषा, एसएमबी, आयबीएममध्ये १९८३ च्या सुमाराला बॅरी फायगेनबॉम यांनी बनवली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या शेवटी तिची लिनक्स-युनिक्सकडची बाजू लिहायला घेतली, तीच पुढे सांबा झाली. एस, एम आणि बी ही अक्षरं क्रमाने असलेला शब्द त्यांनी कॉम्प्युटरमधल्या शब्दयादीत शोधला, त्यातून हे नाव निघालं. भाषेची पहिली आवृत्ती आता जवळपास सगळ्यांनी टाकली आहे. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा व्हायरस तिच्यातल्याच भोकातून पसरला, आणि जूनमधल्या नॉटपेट्यानेही तेच भोक वापरलं. तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं, ते उरण-पनवेलकडच्या ट्रकवाल्यांना अजून आठवत असेल. त्याच वर्षीच्या शेवटापासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ही पहिली आवृत्ती मुळातच येत नाही, किंवा वापरली नाही तर काही दिवसांत आपोआप निघून जाते.

म्हणून जुना झेरॉक्स-स्कॅनर एके दिवशी फोल्डरमध्ये स्कॅन टाकायचं थांबवतो. तो अजून जुनीच बोली बोलतोय. कोणीतरी सल्ला देईल की सर्व्हरवर पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा. करू नका, एका स्कॅनरसाठी सगळं घर उघडं टाकू नका. स्कॅन ईमेलवर घ्या किंवा पेनड्राइव्हवर.

याच्या उलट टोकाचा त्रास नव्या लॅपटॉपचा. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, निदान प्रोमध्ये, पासवर्डशिवायचा ‘गेस्ट’ प्रवेश मुळातच बंद आहे आणि प्रत्येक संदेशावर डिजिटल सहीची सक्ती आहे. बाकी सगळ्यांना उघडतं, काल घेतलेल्या लॅपटॉपलाच नाही, असं झालं तर आधी हे बघा. सर्व्हरवर प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड द्या, तिढा बहुधा सुटतो.

आणि एक खास आपला, मराठी घोटाळा. डिझाइनवाल्यांच्या फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या खोक्याचं माप’ या नावाच्या दोन फाइली होत्या. नाव तंतोतंत तेच. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहूच शकत नाहीत, मग हे काय? ‘दुसऱ्या’मधला तो वळणदार अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ आणि पाय मोडलेला, दुसऱ्यावर साधा र, पाय मोडलेला, आणि सोबत एक न दिसणारं चिन्ह. डोळ्याला सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. मॅकवर एकाने बनवली, विंडोजवर दुसऱ्याने ‘सेव्ह ॲज’ केली, आणि दोघं आठवडाभर वेगवेगळ्या मापांवर काम करत राहिले. तक्रार अर्थात हीच: “सर्व्हर माझे बदल खातो.”

लांब मराठी नावांचंही तसंच. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला आणि पाय मोडण्यालाही तीन-तीन. ‘मान्यतेसाठी’ या एका शब्दाचे ३३ झाले. ८५ चिन्हांच्या पुढे नाव गेलं की सेव्हच होत नाही, आणि मिळणारा संदेश वाचून कोणालाही वाटावं की सर्व्हर बिघडलाय.

पिंग चोख, वेग ठीक, तरीही सगळ्यांचं एकदम दहा-पंधरा सेकंद अडकतं आणि मग सुटतं, असं असेल तर डिस्ककडे बघा. खराब होत चाललेली हार्ड डिस्क नासलेला भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते. तिच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, बदललेल्या सेक्टरचा (नासल्यामुळे बाजूला टाकलेल्या तुकड्यांचा) आकडा दर आठवड्याला वाढताना दिसला तर बॅकअप आजच घ्या, शोध उद्या.

आणि सर्व्हर म्हणून साधं विंडोज मशीनच ठेवलं असेल तर ते एका वेळी २० च्या वर जोडण्या घेत नाही. माणसं वाढली, की सगळ्यात उशिरा येणाऱ्याला दार बंद.

त्या गाळ्यात एकच गोष्ट मी दुरुस्त केली नाही, ती म्हणजे प्लॉटरचं विंडोज ७. प्लॉटर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्याच्यापुढच्या विंडोजवर चालत नाही आणि नवा प्लॉटर मालकांना इतक्यात घ्यायचा नाही. त्या मशीनची नेटवर्क केबल मी काढून घेतली. कटिंगची फाइल आता पेनड्राइव्हने जाते. ती नेतात मामा. त्यांचा फोन हल्ली १४३ वर असतो.